गुणवत्ता यादीत पुढे, कागदांच्या रांगेत मागे: चोपडा तालुक्यातील एका अभियांत्रिकी प्रवेशाचे प्रकरण

या प्रकरणातील विद्यार्थिनीचे नाव बदलले आहे. गाव, कनिष्ठ महाविद्यालय आणि अभियांत्रिकी संस्था ओळखू येणार नाहीत अशा ठेवल्या आहेत. प्रवेश 2025-26 या वर्षातला, राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतला, म्हणजे सगळे ज्याला 'कॅप राउंड' म्हणतात त्यातला आहे. नियम दरवर्षी थोडे बदलतात. पुढे आलेले नियम त्या वर्षाचे आहेत.

पार्श्वभूमी

मानसी चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या गावची. घरी साडेचार एकर, निम्म्यात केळी, निम्म्यात कापूस. वडिलांचे बालपण सुरतेत गेले. आजोबा उधन्याला मागावर कामाला होते. वडील तिथल्याच महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले आणि मग कुटुंब गावी परतले. खानदेशातल्या हजारो घरांची हीच कथा आहे. ती इथे सांगायचे कारण एवढेच की प्रवेशाची पहिली अडचण त्या सुरतेच्या शाळेतूनच निघाली.

मानसीला दहावीला 96 टक्के. अकरावी-बारावी जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, विज्ञान शाखेत. एमएचटी-सीईटीत भौतिक-रसायन-गणित गटात 98.7 पर्सेंटाइल. सीईटीत गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनचे मिळून 100 प्रश्न एकेक गुणाचे, एकूण 200 गुण, उणे गुण नाहीत. गणिताच्या दीड तासात जो टिकतो तो वर येतो, आणि मानसी तिथेच वर आली होती. घराण्यात अभियांत्रिकीपर्यंत पोचलेले आधीचे कोणी नव्हते. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात पडताळणी करून घेणारीही घराण्याच्या या शाखेतली ती पहिलीच.

प्रवर्ग इतर मागास वर्ग. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून अकरावीतच काढलेला होता. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्रही त्याच वेळी काढले, पण एकाच वर्षाचे.

बारावी जळगाव जिल्ह्यातून झाल्यामुळे तिचे गृह विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. दहावी-बारावी महाराष्ट्रातून करणाऱ्याचे गृह विद्यापीठ बारावी जिथून झाली त्यावरून ठरते, गाव कुठले त्यावरून नाही. क्लासेससाठी लातूरला किंवा पुण्याला नाव घालणाऱ्या पालकांना हे बऱ्याचदा प्रवेशाच्या वेळीच कळते. विद्यापीठाशी संलग्न खासगी महाविद्यालयांत राज्याच्या जागांपैकी 70 टक्के गृह विद्यापीठाच्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना असतात. त्यामुळे नाशिक-पुण्याच्या खासगी महाविद्यालयांत मानसी त्या 30 टक्क्यांत मोडत होती. शासकीय स्वायत्त संस्थांत राज्यस्तरावर एकच यादी असते.

अडचण

जून उजाडला तेव्हा हातात जातीचा दाखला होता, पण जात वैधता प्रमाणपत्र नव्हते. होती ती फक्त पडताळणी समितीकडे अर्ज दिल्याची पावती.

अर्ज बारावीच्या जानेवारीत गेला. ऑनलाइन अर्ज भरायचा, त्याची प्रत काढायची, महाविद्यालयाचे 15-अ पत्र जोडायचे, वंशावळीचे शपथपत्र नमुना 3 मध्ये आणि दाखल्याच्या खरेपणाचे शपथपत्र नमुना 17 मध्ये द्यायचे. एवढे सगळे झाले होते. खरे काम त्यानंतर सुरू होते. इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा लागतो. (अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961.)

एप्रिलमध्ये, सीईटीच्या ऐन तोंडावर, समितीचे त्रुटीपत्र आले. त्यात दोन मुद्दे होते.

पहिला मुद्दा वडिलांच्या सुरतेच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. जातीच्या रकान्यात 'हिंदू पाटील' एवढेच लिहिलेले. खानदेशात पाटील मराठ्यांत आहेत, लेवांत आहेत, कुणब्यांत, गुजरांत, कोळ्यांत आहेत. आडनावावरून जात ठरत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण सुरतेच्या शाळेतल्या लेखनिकाला ते ठाऊक असायचे कारण नव्हते.

दुसरा मुद्दा आजोबांच्या नावाचा. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 1955 ची नोंद सापडली होती आणि जात स्वच्छ लिहिलेली होती. म्हणजे 1967 पूर्वीचा पुरावा अस्सल होता. पण नाव होते 'सुका दगडू'. सातबाऱ्यावर, आधारवर आणि वंशावळीत 'सुकलाल दगडू पाटील'. सुका आणि सुकलाल हा एकच माणूस, हे गावाला सांगावे लागत नाही. समितीला मात्र कागदाने सांगावे लागते.

याच्या जोडीला एक साधी पण महाग पडू शकणारी चूक होती. अकरावीत काढलेले नॉन-क्रिमीलेअर 31 मार्च 2025 ला संपले होते. या प्रवेशासाठी ते 31 मार्च 2026 पर्यंत वैध असायला हवे होते. ई-स्क्रुटिनीत, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन छाननीत, अर्ज परत आला तेव्हा हे घरच्यांच्या लक्षात आले.

वडिलांचा प्रश्न सरळ होता. "मार्क शेतस ना पोरना, मंग कागद कसाले?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे भाग आहे. पडताळणी उगाच आलेली नाही. खोट्या दाखल्यांवर वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागा जात होत्या. 1994 च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने छाननी समित्यांची पद्धत घालून दिली, ती वैद्यकीय प्रवेशातल्या अशाच दाव्यावरून. खोटा दाखला एका खऱ्या मुलाची जागा खातो. त्यामुळे पडताळणी हवीच. अन्याय पडताळणीत नाही, ती कोणावर किती वेळेची पडते यात आहे. ज्याच्या सख्ख्या भावाकडे किंवा काकाकडे वैधता आहे त्याचे काम सहसा त्या एका कागदावर पुढे सरकते. घराण्यातल्या पहिल्या मुलीला मात्र तीन पिढ्या उकराव्या लागतात, तेही बारावी आणि सीईटीच्या वर्षात.

समोर असलेले पर्याय

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेश मार्गदर्शन कक्षाने जूनच्या शेवटच्या आठवड्यात कुटुंबासोबत बसून पर्याय मांडले.

एक, पावतीवर इतर मागास वर्गातून अर्ज भरायचा. नियमाने हे चालते. पण मूळ वैधता प्रमाणपत्र वेळापत्रकात दिलेल्या मुदतीत आले नाही, तर राखीव जागेवरचा प्रवेश रद्द होतो आणि उमेदवार पुढच्या फेऱ्यांत खुल्या प्रवर्गात गणला जातो. मुदतवाढ शासन कधी देते, कधी देत नाही. तिच्यावर विसंबून बेत आखता येत नाही.

दोन, सुरुवातीपासूनच खुल्या प्रवर्गातून भरायचा. यात रद्द होण्याची भीती नाही. मात्र पैशांची बाजू इथे फार जड होती. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी (इतर मागास वर्ग), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मानसी खुल्यात गेली की ही सवलत हातची जाणार. आणि ईडब्ल्यूएस तिला लागू होत नाही, कारण तिची जात आरक्षणाच्या यादीत आहे. म्हणजे ओबीसीचा लाभ सिद्ध करता येत नाही आणि ईडब्ल्यूएसचा मागता येत नाही. गरीब शेतकऱ्याची हुशार मुलगी दोन योजनांच्या मधल्या फटीत पडते ती नेमकी इथे, आणि या फटीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

तीन, टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम). मंजूर जागांवर जादा पाच टक्के जागा, शिक्षण शुल्क माफ, उत्पन्नाची अट आठ लाख, जातीचा संबंध नाही. प्रत्येक शाखेला वेगळा चॉइस कोड असतो. स्पर्धा मात्र तीव्र, कारण त्याच उत्पन्नगटातली सगळी हुशार मुले त्या मोजक्या जागांवर येतात.

चार, संस्थास्तरावरची, लोक जिला मॅनेजमेंट म्हणतात ती जागा. शुल्कमाफी नाही. साडेचार एकरांच्या घराला हा पर्याय नव्हता.

पाच, एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी. यावर मानसीनेच नकार दिला आणि तो योग्य होता. तिचे गुण कमी पडले नव्हते, मग गुण वाढवून काय साधणार?

वडिलांनी आणखी एक मुद्दा काढला होता, परीक्षेच्या सत्राचा. 2025 मध्ये 27 एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या प्रश्नांत चुका निघाल्या आणि 5 मे रोजी फेरपरीक्षा झाली, हे त्यांनी वाचले होते. मानसीचा पेपरही अवघड होता, मग हरकत का घेऊ नये? तिचे सत्र वेगळे होते. शिवाय पर्सेंटाइल त्या-त्या सत्रातल्या मुलांशी तुलना करून निघतो, म्हणून पेपर अवघड असला तरी सगळ्यांनाच असतो. या पद्धतीवर आक्षेप घेता येतात, पण त्या जुलैत मानसीच्या हातातला वेळ तिथे घालवणे शहाणपणाचे नव्हते. मुद्दा बाजूला ठेवला.

काय केले

पहिला आणि तिसरा पर्याय एकत्र धरायचे ठरले: ओबीसी म्हणून नोंदणी, सोबत टीएफडब्ल्यूएसचा दावा, आणि वैधतेच्या मागे रोज एक माणूस.

नॉन-क्रिमीलेअर सर्वांत सोपे निघाले. त्यासाठी शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळे पात्रतेत अडचण नव्हती. अडचण गर्दीची होती. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर सकाळी आठला रांग लागते. या वेळी तीन वर्षांसाठी मागणी केली. टीएफडब्ल्यूएससाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो आणि त्यात शेतीचे उत्पन्न धरले जाते. हे दोन दाखले एकच समजून एक आणणारे पालक दरवर्षी भेटतात.

महाराष्ट्राच्या रहिवासाचा प्रश्न मिटला तो नशिबाने. मानसीचा जन्म आईच्या माहेरी, चोपडा तालुक्यातच झाला होता आणि दाखल्यावर जन्मस्थळ तसे लिहिलेले होते. सुरतेत जन्म झाला असता तर अधिवास प्रमाणपत्र काढावे लागले असते.

आजोबांच्या नावासाठी नुसते 'सुका आणि सुकलाल एकच' असे शपथपत्र पुरत नाही. शपथपत्र म्हणजे अर्जदाराचे स्वतःचे म्हणणे. त्याला शासकीय नोंदीचा आधार हवा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना 14, म्हणजे जुन्या कोतवाल बुकातली जन्मनोंद मागितली. 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अनेक ठिकाणच्या जुन्या नोंदवह्या स्कॅन झाल्या, त्याचा फायदा इतर जातींच्या अर्जदारांनाही झाला. पान लवकर सापडले, पण मोडी लिपीत होते. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घेतले. दगडू यांना मुलगा झाल्याची नोंद, सोबत जात. मुलाचे नाव मात्र तिथे नव्हतेच, त्या नोंदीत बहुधा नसते. म्हणून तिसरा धागा जोडला: दगडू वारल्यावर झालेला वारस फेरफार. त्यात 'सुका ऊर्फ सुकलाल' असे तलाठ्याने स्वतः लिहिलेले निघाले. शाळेची नोंद, जन्मनोंद आणि फेरफार एकाखाली एक लावले की साखळी पूर्ण झाली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका तलाठ्याने लिहिलेला तो 'ऊर्फ' या फाइलमधला सर्वांत मोलाचा शब्द ठरला.

सुरतेच्या दाखल्याचे काय? तो दुरुस्त करायला गुजरातेत फेऱ्या मारण्यात अर्थ नव्हता. आजोबांचा जुना पुरावा त्यापेक्षा वजनदार होता. पण वडिलांकडच्या रक्तनात्यातले कोणाचे वैधता प्रमाणपत्र जोडता आले असते तर प्रश्नच मिटला असता. चौकशीत कळले की वडिलांच्या चुलत चुलत्यांची एक शाखा धुळ्याला आहे आणि त्यातल्या एकाने नोकरीसाठी वैधता काढली आहे. ती प्रत मिळायला तीन आठवडे गेले. बांधावरून जुना वाद होता, आणि आपला कागद दुसऱ्याच्या फाइलला लागला तर आपलीच चौकशी उघडेल अशी त्या काकांना धास्ती. ही धास्ती खानदेशात फार घरांत आहे. ज्याचे प्रमाणपत्र खऱ्या पुराव्यावर उभे आहे त्याने घाबरायचे कारण नाही, पण हे सांगायला मधला माणूस लागतो. गावातले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना दोन्ही घरे आप्पा म्हणतात, ते धुळ्याला गेले. काकांनी साक्षांकित प्रत आणि शपथपत्र दिले.

जुलैत पूर्तता समितीत दाखल झाली. सुनावणी झाली. फाइल अध्यक्ष, सदस्य आणि सदस्य सचिव यांच्या सह्यांसाठी गेली.

ऑप्शन फॉर्म

2025 पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि 'ऑटो फ्रीझ'चा, म्हणजे लागलेली जागा आपोआप पक्की होण्याचा, नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही. याचा अर्थ, वरच्या सहा जागा म्हणजे स्वप्नांची यादी नव्हे. त्या सहापैकी कोणतीही मिळाली तरी खुशीने जाईन, अशाच शाखा तिथे हव्यात.

मानसीच्या पसंतीच्या यादीचा वरचा भाग असा होता: पुण्याच्या शासकीय संस्थेत संगणक, तिथेच इलेक्ट्रिकल, मुंबईच्या अनुदानित संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स, पुण्याच्या खासगी संस्थेत संगणक, मग नाशिकच्या खासगी संस्थेत संगणक. अगदी खाली जळगाव जिल्ह्यातले दोन पर्याय, जे खुल्या गुणवत्तेवर गृह विद्यापीठातून हमखास मिळतील असे.

मागच्या वर्षीचे कटऑफ पाहताना शाखेपुढचा एकच आकडा बघून चालत नाही, जागेचा प्रकार बघावा लागतो. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी. पुढे ओपन, ओबीसी वगैरे. शेवटी एच गृह विद्यापीठ, ओ बाहेरचे, एस राज्यस्तर. 'एलओबीसीएस' म्हणजे राज्यस्तरावरची, इतर मागास वर्गातल्या मुलीची जागा. हे नीट वाचले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पुण्याची इलेक्ट्रिकल मानसीला ओबीसी जागेवर मिळण्यासारखी होती, खुल्या जागेवर नाही. नाशिकची संगणक खुल्या जागेवरही मिळण्यासारखी होती.

इथे एक गैरसमज सतत आडवा येतो. राखीव प्रवर्गातला उमेदवार गुणवत्तेवर खुल्या जागेत बसत असेल तर त्याला खुली जागा मिळते, आणि ती राखीव कोट्यात मोजली जात नाही. असा प्रवेश वैधतेवर टिकून नसतो, फक्त शुल्कसवलत टिकून असते. म्हणून वाटपपत्र आल्यावर महाविद्यालयाच्या नावाइतकेच जागेच्या प्रकाराकडे बघायचे.

निर्णयाचा क्षण

पहिल्या फेरीत पाचवी पसंती लागली: नाशिक, संगणक, 'एलओपीईएनओ'. म्हणजे खुल्या गुणवत्तेवर, बाहेरच्या विद्यापीठाच्या हिश्श्यातून. वैधता अजून सह्यांतच होती.

आता दोन वाटा. ही जागा फ्रीझ, म्हणजे पक्की, करायची आणि प्रक्रियेतून बाहेर पडायचे. किंवा बेटरमेंट घेऊन, म्हणजे ही जागा हातात ठेवून वरच्या पसंतीसाठी, दुसऱ्या फेरीत उतरायचे.

बेटरमेंटचा धोका असा. दुसऱ्या फेरीत पुण्याची इलेक्ट्रिकल ओबीसी जागेवर लागली असती तर ती पहिल्या तीनमधली म्हणून आपोआप फ्रीझ, आणि नाशिकची जागा त्याच क्षणी गेली. मग वैधता मुदतीत आली नाही तर पुण्याचीही गेली. उरलेल्या फेऱ्यांत मानसी खुल्या प्रवर्गात, नाशिकची जागा दुसऱ्याकडे, शुल्कमाफी नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये 'ही शाखा मला खुल्या जागेवर मिळाली तरच द्या' असे सांगायची सोय नाही. चॉइस कोड एकच, जागेचा प्रकार यंत्रणा ठरवते. आणि प्रवर्गाचा दावा मागे घ्यायचा तर तो तात्पुरत्या गुणवत्ता यादीनंतरच्या हरकतींच्या दिवसांतच, आणि पूर्णपणे.

समितीच्या कार्यालयात विचारले तेव्हा उत्तर मिळाले की फाइल निर्णयासाठी ठेवली आहे. तारीख कोणी दिली नाही, आणि देणे त्यांना शक्यही नव्हते. हातात दोन दिवस होते.

मार्गदर्शन कक्षातच मते दोन झाली. एका बाजूचे म्हणणे, पुरावा पक्का आहे, रक्तनात्यातली वैधता जोडली आहे, प्रमाणपत्र येणारच, धोका घ्यावा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, येणार यात शंका नाही, पण मुदतीत येणार का हा प्रश्न आहे, आणि चुकले तर सावरायला या घराकडे काही नाही. मानसीची ओढ पुण्याकडे होती. आईने विचारले, "सर, ती गेली तर दुसरी कोणती मिळेल ते आज लिहून देता का?" ते कोणीही लिहून देऊ शकत नव्हते. नाशिकची जागा फ्रीझ झाली.

निष्पत्ती

दुसऱ्या फेरीचे वाटप लागले. पुण्याच्या इलेक्ट्रिकलची 'एलओबीसीएस' जागा मानसीपेक्षा कमी पर्सेंटाइलवर बंद झाली. आणि वैधता प्रमाणपत्र मुदत संपायच्या चार दिवस आधी ईमेलवर आले. म्हणजे धोका घेतला असता तर साधले असते.

तरीही आमच्या मते त्या दिवशीच्या माहितीवर घेतलेला निर्णय बरोबर होता. निकाल कळल्यावर निर्णयाला चूक ठरवणे सोपे असते. खरी खंत वेगळी आहे. त्याच जागी, त्याच पर्सेंटाइलची, तशीच पावती हातात असलेली पण घरी चार पैसे असलेली मुलगी असती तर तिने बेटरमेंट घेतले असते. फसले तरी संस्थास्तरावरची जागा घेता आली असती. धोका पेलण्याची ऐपत गुणवत्ता यादीत कुठे दिसत नाही, पण जागा तीही ठरवते.

वैधता मिळाल्यामुळे ओबीसी मुलींची शुल्कमाफी लागू झाली. मानसीला भरावे लागले ते वसतिगृह आणि मेसचे पैसे. ती संगणक शाखेत पहिले वर्ष करत आहे.

धाकटा भाऊ त्याच वर्षी अकरावीत होता. त्याचा अर्ज ऑगस्टमध्येच गेला, बहिणीचे वैधता प्रमाणपत्र जोडून. त्रुटीपत्र आले नाही.

वेगळे काय करता आले असते

अर्ज अकरावीच्या पहिल्या सत्रात जायला हवा होता. महाविद्यालयाने 15-अ पत्रे बारावीच्या डिसेंबरमध्ये गठ्ठ्याने काढली, कारण तोवर कोणी मागितली नव्हती. ज्यांच्या घरी आधीची वैधता आहे त्यांना हा उशीर परवडतो. पहिल्या पिढीच्या मुलांना नाही. त्यामुळे अकरावीच्या प्रवेश अर्जातच एक प्रश्न हवा: वडिलांकडच्या नात्यात कोणाकडे वैधता आहे का? 'नाही' लिहिणाऱ्यांची यादी ऑगस्टमध्ये वेगळी काढायची आणि त्यांच्या फाइली आधी हातात घ्यायच्या. त्या कनिष्ठ महाविद्यालयाने हे आता सुरू केले आहे.

पुरावे शोधायचा क्रमही उलटा झाला. कुटुंबाने वडिलांपासून सुरुवात केली आणि सुरतेच्या दाखल्यात अडकले. सुरुवात सर्वांत जुन्या नोंदीपासून करायची, आणि जनरल रजिस्टरचा उतारा हाती पडताच त्यातले नाव सातबाऱ्याशी ताडून पाहायचे. फरक दिसला तर त्रुटीपत्राची वाट न बघता वारस फेरफार त्याच दिवशी मागायचा. सुरत, उधना, नवसारीकडे शिकलेले वडील असतील तर 'हिंदू पाटील' लिहिलेला दाखला निघणार हे गृहीत धरूनच फाइल बांधावी.

सीईटीच्या महिन्यात समितीकडच्या फेऱ्या मानसीने स्वतः मारायला नको होत्या. एसटीने जळगावला जाऊन-येऊन आणि थांबून आख्खा दिवस मोडतो. अर्जदार अल्पवयीन असेल तर पालक जातातच, पण इथे सातवीपर्यंत शिकलेल्या वडिलांना कागद समजणार नाहीत म्हणून तीही गेली. महाविद्यालयाने एक लिपिक सोबत दिला असता तरी पुरे होते.

आणि एक बदल प्रक्रियेत व्हावा असे आग्रहाने म्हणावे लागते. पावतीवर अर्ज करणाऱ्या उमेदवाराला ऑप्शन फॉर्ममध्ये प्रत्येक चॉइस कोडपुढे 'फक्त खुल्या गुणवत्तेवर' असा चौकोन मिळावा. वाटपाची गणना तशीही जागेच्या प्रकाराप्रमाणेच होते. तो चौकोन असता तर मानसीने वरच्या चार पसंत्यांपुढे खूण केली असती, बेटरमेंट घेतले असते आणि नाशिकची जागा गमावण्याच्या भीतीशिवाय दुसऱ्या फेरीत उतरली असती. पुण्याची इलेक्ट्रिकल तिला तरीही मिळाली नसती, कारण ती ओबीसी जागेवरच मिळण्यासारखी होती. पण पुण्याच्या खासगी संस्थेतली संगणक शाखा, चौथी पसंती, खुल्या जागेवर दुसऱ्या फेरीत तिच्या पर्सेंटाइलच्या अगदी जवळ येऊन बंद झाली. तिसऱ्या फेरीत ती आणखी खाली उतरली.